नवसूचा कमठा

“इथली गाठ कुठं गेली?” मी विचारलं.

नवसूने मान वर केली. मांडीवर कमठा, म्हणजे आमच्याकडचं धनुष्य, हातात बाटलीच्या काचेचा तुकडा आणि केसांपासून पायापर्यंत लाकडाचा भुसा. चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता.

“काढली,” तो म्हणाला. “लई टोचत व्हती. हात फिरवून बघ, कशी लोण्यावानी लागती आता.”

मी हात फिरवला नाही. आमच्या घरात लग्नाच्या कमठ्याला मुलीने हात लावायचा नसतो. पण डोळ्यांना कोणी अडवलं नव्हतं.

“पाठीवरची काढलीस?”

“मंग? उद्या तुजा बा हात फिरवून बघनार. खडबडीत लागलं तर म्हनंल, पोरानं अंगचोरपना केला. कशी झाली सांग की.”

“छान झाली,” मी म्हणाले आणि घरात गेले. तिथे थांबले असते तर रडू फुटलं असतं.

माझा बा, हिरू मेंगाळ, कमठे करायचा. सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुक्यात आमची ठाकरांची कातळवाडी. पण सशा-डुकराच्या मागे निघणारे लोक दोन डोंगर ओलांडून बाच्याकडे यायचे. धामणीचं लाकूड तो थंडीत तोडायचा, पाचर मारून उभं फाडायचा आणि वर्षभर चुलीवरच्या माळ्यात धुराला ठेवायचा. मग तासणं. कमठ्याला दोन अंगं असतात. ओढणाऱ्याकडचं ते पोट आणि पलीकडचं, सालीखालचं, ती पाठ. कोयता, विळा, काच, काय चालवायचं ते पोटावर. पाठीवरची नुसती साल सोलायची आणि हात आवरायचा. तिथले धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड लागतात. मध्ये गाठ आली तरी ती तशीच राहू द्यायची, कारण धागे तिला वळसा घालून पुढे गेलेले असतात. गाठ तासली की धागे तुटले. असा कमठा दिसायला देखणा दिसतो, थोडा वाकतोही, आणि पुरता ओढला की नेमका तिथेच तडकून उलतो.

हे बाने नवसूला सांगितलं नव्हतं असं नाही. पण बा कुठलीही गोष्ट एकदाच सांगायचा, तीही तोंडात तंबाखू धरून. आणि तो सांगत होता तेव्हा मी समोरून पाण्याची कळशी घेऊन चालले होते. नवसूचे कान बाच्याकडे असतील, पण डोळे कुठे होते ते मला पक्कं ठाऊक आहे. पल्याडच्या जांभूळवाडीचा हा गडी मधाच्या पोळ्यासाठी कड्यावर दोर सोडून उतरायचा, मोठमोठ्याने गाणी म्हणायचा, आणि एका जागी घडीभर बसायचं म्हटलं की त्याच्या अंगाला मुंग्या यायच्या. माझ्यासाठी तो त्या अंगणात दिवसचे दिवस मांडी घालून बसला होता. शेवटी शेवटी तर हौसेला आला, आणि त्या हौसेनेच घात केला.

आमच्या घरची चाल अशी की, इथली मुलगी करायची त्याने आमच्याच अंगणात, बाने दिलेल्या लाकडाचा, स्वतःच्या हाताने कमठा करायचा. दोरी मुलीने वळायची. मग दोन्हीकडच्या माणसांसमोर बा तो कानापर्यंत ओढणार. टिकला तर गूळ वाटायचा. मोडला तर सोयरीक मोडली, ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं. बाच्या आज्याच्या जावयाचा कमठा म्हणे डुकरासमोर मोडला, तो गेला आणि त्याची बाई ऐन तारुण्यात मागे राहिली, तेव्हापासून हे चालत आलेलं.

जुन्या काळची गोष्ट म्हणून मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझी थोरली बहीण चांगुणा माझ्या डोळ्यांसमोर होती. तिला कमळू मागायला आला होता. शांत, कष्टाळू माणूस. नवसूसारखा धांदरट नव्हे. त्याचा कमठा बाच्या हातात मोडला. कमळू खाली मान घालून उतार उतरून गेला आणि वर्षाच्या आत चांगुणाला घाटाखाली दिली. तिचं तिथे काही वाईट चाललं होतं असं नाही. पण सणाला यायची, आईशी माझ्याशी बोलायची आणि बाने विचारलं तेवढ्याचंच उत्तर देऊन निघून जायची. बा कधी त्याबद्दल बोलला नाही. चालही बदलली नाही.

आणि आता उद्या सकाळी नवसूची माणसं येणार होती. माळ्यात वाळलेलं दुसरं लाकूड नव्हतं. दुष्काळात रानच एवढं तुटलं होतं, की बालाही सरळ धामण शोधत हिंडावं लागायचं.

बाला सांगावं, तर सोयरीक तिथेच संपली. नवसूला सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो तसाच उठून बाच्याकडे गेला असता आणि “मामा, माजं चुकलं” म्हणून मोकळा झाला असता. म्हणजे जे काही करायचं ते मलाच करायचं होतं, आणि कमठ्याला तर हात लावायचा नव्हता. माझ्या हातात होती फक्त दोरी.

बाने मला नवाकोरा वाख दिला होता, पांढराशुभ्र, घायपाताच्या पानांतल्या धाग्यांचा. मी तो भिजवला, सारखा केला आणि ओसरीवर दोरी वळायला बसले. दोन वीत वळली आणि हात थांबला. वर छपराच्या पाखाडीत वाखाची एक जुनी जुडी खोचलेली होती. पावसात गळतीखाली भिजून आतून काळी पडलेली, बोटाने ओढली तरी तटकन तुटणारी. मी ती काढली. मधल्या हातभर जागेत तिन्ही पदरांच्या पोटात ती कुजकी घातली आणि वरून नवा वाख लपेटला.

सांगायला सोपं आहे. पण ती दोरी कमठ्यावर चढवेपर्यंत टिकायला हवी होती आणि कानापर्यंत पोचायच्या आत तुटायला हवी होती. जास्त कुजका घातला तर चढवतानाच जाईल आणि बा दुसरी मागेल. कमी घातला तर दोरी टिकेल आणि कमठा जाईल. मी तुकडे वळून दाराच्या चौकटीला बांधून ओढून बघत होते, पुन्हा उसवत होते, पुन्हा वळत होते. मांडीवर वळून वळून तिची सालटी निघाली.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “सोमे, आज लई येळ लागला दोरीला.”

“चांगली व्हाया पायजे ना.”

“व्हय,” आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

आमच्याकडची दोरी तुटली तर मुलाला कोण काय बोलणार? चारचौघांत ओढून झालं आणि कमठा धड राहिला म्हणजे झालं. असा माझा हिशेब होता. तो बरोबर आहे असं मी रात्रभर स्वतःला सांगत राहिले. जेवण गेलं नाही.

सकाळी पाहुणे आले. नवसूला आईबाप नव्हते. त्याला वाढवलेली ठमाआत्या पुढे, मागे चार-पाच पुरुष. ठमाआत्या म्हणजे अंगाने काटकुळी, पण तिचा आवाज वाडीच्या त्या टोकाला जायचा. अंगणात आंब्याखाली सगळे टेकले. नवसू तेल लावलेले केस चापून बसवून आला होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. त्याला काही म्हणजे काहीच कल्पना नव्हती. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याला कुठेतरी लपवून ठेवावंसं वाटलं.

बा हात धुऊन आला. त्याने कमठा उचलला आणि पाठीवरून अंगठा फिरवायला लागला. वरच्या टोकापासून सावकाश खाली. गाठीच्या जागेवर अंगठा थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच आला. मी दाराची चौकट घट्ट धरली.

बाने नवसूकडे पाहिलं. नवसू कौतुकाची वाट बघत बसलेला.

“गुळगुळीत केलायस,” बा म्हणाला.

“व्हय मामा! लई घासला.”

“दिसतंय.”

मग त्याने माझी दोरी घेतली. दोन बोटांत धरून सरकवत नेली. मधल्या जागेवर बोटं जरा रेंगाळली की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. त्याने दोरीचा एक फास खालच्या खाचेत बसवला, कमठा पायाशी रोवून गुडघ्याने वाकवला आणि वरचा फास चढवला. दोरी टिकली. त्याने तीर लावला.

बा ओढायला लागला. कमठ्याचे दोन्ही हात, वरचा आणि खालचा, सारखे वाकत होते. नवसूने पोटाकडचं काम खरंच चांगलं केलं होतं. तीर निम्माही मागे आला नसेल, तोच फाटकन आवाज झाला. बा मागच्या मागे सारवलेल्या अंगणात आपटला आणि तीर त्याच्या पायाशी पडला.

आधी कोणीतरी हसलं. मग सगळ्यांनी कमठ्याकडे पाहिलं. तो बाच्या हातात धडधाकट होता आणि दोरीचे दोन शेपटे लोंबत होते.

“आगं बया!” ठमाआत्या उठून उभी राहिली. “दोरी तुटली! आमच्या पोराचा कमठा जसाच्या तसा, आन् तुमच्या पोरीची दोरी निम्म्यात तुटली. आता काय म्हनायचं, हिरूदादा? जिला दोरी वळता येत न्हाई तिच्या हातची भाकर कशी आसंल?”

माझ्या हिशेबात बा होता, नवसू होता, कमठा होता. ठमाआत्या नव्हती.

“आत्या, भाकर चांगली करती ती,” नवसू मध्येच बोलला. “म्या खाल्लीया.”

“कवा?” बाने खाली बसूनच विचारलं.

नवसूचं तोंड उघडं राहिलं. “ते… येकदा… मळ्यावर… पानी प्यायला गेलो व्हतो तवा.”

आता मात्र अंगण खो खो हसलं. मी पदराने तोंड झाकलं आणि मनातल्या मनात नवसूला असतील नसतील तेवढ्या शिव्या दिल्या. ठमाआत्या हसली नाही.

“ऱ्हाऊ द्या हासनं. दुसरी दोरी लावा,” ती म्हणाली. “पुन्यांदा वढा. आमच्या पोराला भ्याव न्हाई कशाचं. साऱ्यांनी बघू द्या त्याचं काम. मागनं कोन बोलायला नको की ठमीच्या पोराचा कमठा न वढताच पास झाला.”

“व्हय मामा, वढा,” नवसू म्हणाला. “कानापातूर वढा.”

भिंतीवर बाच्या स्वतःच्या कमठ्याची दोरी टांगलेली होती, हात लांबवला की मिळेल अशी. आता माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला वाटलं, पुढे होऊन सगळं सांगून टाकावं, निदान बाच्या डोळ्यात ढलपी तरी जायची नाही. मी उंबऱ्याबाहेर पाऊलही टाकलं.

बा कंबर धरून उठला. त्याने तुटलेली दोरी सोडवली, गुंडाळली आणि मुठीत धरली.

“दोरीचा वाख म्या दिला व्हता,” तो म्हणाला. “पाखाडीतला, पावसात भिजल्याला. म्हाताऱ्याला दिसलं न्हाई. पोरीचा यात काय दोष न्हाई, ठमाबाई.”

“बरं, पोरीचा नसंल. मंग दुसरी लावा की.”

“न्हाई. कमठा येकदाच वढायचा. आमच्यात दुसऱ्यांदा वढायची चाल न्हाई.”

ही चाल मी जन्मात ऐकली नव्हती. आई दारात उभी होती. तिनेही भुवया उंचावल्या. पण बा असा ठाम बोलला की जणू आज्या-पणज्यापासून हेच चालत आलं असावं.

“कमठा मोडला का?” त्याने सगळ्यांना विचारलं.

“न्हाई,” पुरुष म्हणाले.

“मोडला का, ठमाबाई?”

ठमाआत्याने कमठा हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि परत दिला. “न्हाई बा. मोडल्याला तर दिसत न्हाई.”

“मंग सोयरीक मोडत न्हाई. गूळ आना गं.”

आई गूळ आणायला आत वळली आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसले. इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. ठमाआत्याने येऊन माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. “दोरी मी शिकवीन तुला,” ती म्हणाली. “हिला दोरी म्याच शिकवली,” असं ती पुढे जन्मभर सगळ्यांना सांगत आली आणि मी ऐकून घेत आले.

दुपारी पाहुणे गेले. नवसू उतारावरून चार वेळा मागे वळला. तो दिसेनासा झाला तसं बाने मला हाक मारली.

“सोमे. इकडं ये.”

तो ओसरीवर बसला होता. एका बाजूला कमठा, समोर माझी दोरी. त्याने तिचे पदर सोडवून ठेवले होते. आतला काळा वाख उन्हात दिसत होता.

“ह्ये काय?”

मी वर पाखाडीकडे पाहिलं.

“पाखाडीतला म्हनून म्या उगा ठोकून दिलं व्हतं, तर तो खरंच पाखाडीतला निघाला!” त्याने कंबर चोळली. “कशापायी केलास गं ह्यो कुटाना?”

“गाठ काढली हाय त्यानं,” मी म्हणाले. “मोडला आसता, बा.”

“आगं, ते मला अंगठ्याला कळलं की. मला का शिकवतीस?” तो वैतागून म्हणाला. “म्या निम्माच वढनार व्हतो. निम्मा वढायचा, तोंड लाल करायचं, दात खायचे आन् हळूच सोडून द्यायचा. कोनाला काय कळनार व्हतं? तू मधीच मला आपटवलंस. माकडहाड गेलं माजं.”

हा माझा बा होता. कमठ्याच्या बाबतीत सख्ख्या भावाशीही एवढं तेवढं चालवून न घेणारा.

“पन चांगुनाच्या वक्ताला…” माझ्या तोंडून निघून गेलं.

बाच्या तोंडातली तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात गेली.

“कमळूचा कमठा चांगला व्हता,” तो म्हणाला. “कानापातूर टिकला व्हता. मला वाटलं, बघू तरी आजून किती दम हाय. म्या म्होरं वढला. कानाच्या म्होरं कोन वढतं का? मंग मोडला. समद्यांनी मोडल्याला बघितला, वढल्याला कोनी न्हाई बघितला. आन् म्या बी बोललो न्हाई.”

आत आईचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

“येक मोडला तेवढा पुरं झाला,” बा म्हणाला.

मी खाली बसले. त्याच्या कंबरेला तेल लावून देऊ का विचारलं. त्याने नको म्हणून मान हलवली आणि हात लांबवून भिंतीवरची आपली दोरी काढली.

“बा, आता कशाला?”

“बघू तरी.”

“नको ना!”

“आगं, पोराच्या हातात द्यायचा हाय का ह्यो? रानात गेला आन् डोळ्यावर फुटला मंजी? तू हो मागं.”

त्याने दोरी चढवली, तोंड बाजूला वळवलं, डोळे मिटले आणि ओढायला लागला. निम्मा. निम्म्याच्या पुढे. मला क्षणभर वाटलं, टिकतोय. बालाही वाटलं असावं, कारण त्याने एक डोळा उघडला. तेवढ्यात काडकन आवाज झाला आणि कमठ्याचा वरचा हात गाठीच्या जागेवर उलून लोंबायला लागला.

बाने अंगणात पाहिलं, आंब्याखाली पाहिलं, शेजारच्या झापाच्या दाराकडे पाहिलं.

“कोनी बघितलं?”

“न्हाई.”

“मंग मोडला न्हाई.”

त्याने उललेला हात पिळून वेगळा केला, दोन्ही तुकडे माझ्या पुढ्यात टाकले आणि चुलीकडे बोट दाखवलं. आता त्यांना माझा हात लागला तरी चालणार होतं बहुतेक. मी ते उचलले.

“नवसूनं इचारलं तर? त्यो इचारनारच. त्याला लई कौतुक हाय कमठ्याचं.”

“सांग, घाटाखालचा येक शिकारी आला व्हता. त्याच्या मनात भरला, मागून घिऊन गेला.”

“बा! आजून येक खोटं?”

“काय खोटं बोलायचं ते आजच उरकून घे,” बा म्हणाला. “उद्या लगनाचं आवतान घिऊन मी चांगुनीकडं जातुया. तिथं खरं बोलायचं हाय.”

तो उठला आणि धोतर शोधायला आत गेला. मी तुकडे चुलीत सरकवले, फुंकणी घेतली आणि गुळाच्या खड्याशिवाय कालपासून आपण काही खाल्लेलं नाही हे मला तेव्हा कुठे आठवलं.